यांचा हात

१२ सप्टें. ९४, सोमवार

नोटीस लागली. कारखान्याच्या कँटीनच्या भिंतीवर, गणपतीच्या वर्गणीच्या कागदाशेजारी. ड्रॉइंग ऑफिसच्या पहिल्या तुकडीला सहा आठवडे कम्प्यूटर ट्रेनिंग, शेवटी परीक्षा. पास होतील त्यांना नव्या एसी खोलीत जागा. उरलेल्यांना स्टोअर, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती. त्या शब्दात 'स्वेच्छा' कुणी घातली त्याला एकदा बघायचंय. हॉलमधले ड्रॉइंगचे लाकडी बोर्ड दिवाळीच्या आत काढणार.

यादीत पहिलं नाव हमीदसाबांचं, आमचे हेड ड्राफ्ट्समन. दुसरं माझं. सगळ्यांना वाटतंय मला आनंद झाला असेल.

हे गेले त्या वर्षी अनुकंपा तत्त्वावर मला इथे घेतलं. आमच्या हॉलचा रिवाज असा की गेलेल्या माणसाचा बोर्ड त्याच्या जागी लागलेल्या घरच्याच माणसाला देतात, म्हणून यांचाच बोर्ड मिळाला, खिडकीजवळचा. तोवर मी पट्टीनं रेघ मारली ती शाळेत समास आखायला. हमीदसाबांनी यांचा एक जुना कागद पुढे ठेवला, वर ट्रेसिंग पेपर लावला आणि म्हणाले, "भाभी, बस इसके ऊपर से हात फिराते जाओ." फिरवत गेले. वर्षभरानं हात आपला आपण चालायला लागला. यांच्यासारखं बाणाचं टोक, यांच्यासारखा मध्ये आडवी रेघ मारलेला सात.

बाहेर बोलले तर वेडी म्हणतील, म्हणून इथे लिहिते. बोर्डवर वाकले की हे असतात. दिसत नाहीत, बोलत नाहीत. हातात असतात. बारा वर्षं झाली.

नोकरी टिकवायची तर बोर्ड सोडायला हवा. बोर्ड सोडला तर हे कुठे येणार? दिवसभर डोक्यात एवढंच.

संध्याकाळी मामंजींचा रोजचा प्रश्न. "आज काय म्हणाला?" घरात ही गोष्ट त्यांना एकट्यांना माहीत आहे. बापाला सांगावीच लागते. म्हटलं, "आज गप्प होते."


१४ सप्टें., बुध.

पहिला दिवस. चपला दाराबाहेर. आत इतकं गार की सरोजिनीनं पदर कानावरून घेतला. (ती माझ्या पलीकडच्या बोर्डवाली.) शिकवणारी मुलगी स्वप्ना, तारनाक्याची, आमच्या मंजूपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. केसांत जुई, कानात काही नाही. हजेरी घेताना म्हणाली, "शालिनी मॅडम?" मी मागे वळून बघितलं कोण ते. इथे मी भाभी. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची भाभी. माझं नाव इथे कुणी उच्चारलेलं आठवत नाही.

माऊस टेबलावरून खाली पडला. हमीदसाबांनी त्यांचा हवेत उचलून पडद्यापुढे धरला आणि विचारलं, "अम्मा, ये चलता कैसा नै की?" स्वप्ना हसली नाही, शहाणी आहे. आम्हीच हसलो.

दिवसभर बोटं नुसती बोटं होती. हे आले नाहीत.

मंजूनं घरी फर्मान काढलं, "आई, तू पण कम्प्यूटर शिकरी? कॉलेजमध्ये सांगते सगळ्यांना." जामबागच्या कॉलेजात आमची चर्चा होणार म्हणजे. तिला मराठी वाचायला सांगितलं की अक्षर अक्षर लावते, पण तिच्या वह्यांवरची लेबलं अजून माझ्याकडूनच लिहून घेते. "बाबांच्या अक्षरात दे." चार वर्षांची होती हे गेले तेव्हा. बाबा म्हणजे तिच्यासाठी ती लेबलंच.


२१ सप्टें., बुध.

आज मजा झाली आणि मग मजा वाटेनाशी झाली.

स्वप्नानं एक साधी पट्टी काढायला दिली. लांबी सहाशे. सगळ्यांनी काढली. ती एकेकाच्या मागे जाऊन बघते तर सगळ्यांची एकशेवीस. "सर, मॅडम, सब लोग वन ट्वेंटी कहाँ से लाए? सिक्स हंड्रेड लिखा है ना?" आम्ही एकमेकांकडे बघतोय. कुठून आणले म्हणजे? मोठी वस्तू कागदावर मावत नाही, म्हणून पाचानं भागून काढायची. हॉलमध्ये सगळं असंच निघतं. आकडा दिसायच्या आत भागाकार झालेला असतो, तो आम्ही करतो असंही वाटत नाही. कम्प्यूटरला म्हणे भागायचं नाही. खरी लांबी द्यायची, जागेचं तो बघतो.

हमीदसाब खुर्चीत मागे रेलले. "बत्तीस साल से हम दुनिया को छोटी करके कागज पे बिठारे. अब ये पोट्टी बोलती, पूरी की पूरी डालो."

मी पुसून सहाशे घातले. पुढची रेघ अडीचशेची. पन्नास घातले. पुसले. पुन्हा पुढची, पुन्हा पाचवा हिस्सा. डोकं सांगतंय घालू नको आणि बोटं घालतायत. तेव्हा कळलं. हे आलेत. हे आलेत आणि भागताहेत.

आधी इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. या गार खोलीतही सापडले. मग मनात म्हटलं, अहो, राहू द्या, इथे भागायचं नसतं. ऐकलं नाही.

मामंजींना सांगितलं. खूश झाले. "तो असाच. एकदा शिकला की सोडायचा नाही."


२६ सप्टें., सोम.

पितृपक्ष. यांची तिथी. सुट्टी घेतली. सकाळपासून स्वैपाक, भटजी, पानं. मामंजींनी सोवळं नेसून सगळं केलं. बापानं मुलाचं करायचं, हे बघवत नाही. दर वर्षी वाटतं पुढच्या वर्षी सवय होईल.

दुपारी ओसरीवर बसून आपणच बोलायला लागले. "संस्थान गेलं तेव्हा आमच्या दफ्तरात माझ्यासारखं उर्दू लिहिणारा नव्हता. मसुदा मी लिहिला असला की साहेब न वाचता दस्तखत करायचे. मग हुकूम आला, आता इंग्रजीत लिहा. तीस वर्षांचा घोडा मी, शेजारच्या पोराची पुस्तकं आणून ए बी सी गिरवली. स्वप्नात इंग्रजी लिहायचो तर उजवीकडून."

"मग आलं ना?" मी म्हटलं.

"आलं की. नोकरी राहिली. पण ते उर्दू गेलं कुठं, कुणी विचारलं नाही बघ. हातातल्या हातात नासलं." मग म्हणाले, "तू त्याचं नासू देऊ नको. तो बोर्ड तरी घरी मागून घे."

मी चिडले. "आणून काय करू? पोळ्या लाटू त्यावर?"

आजच्या दिवशी असं बोलायला नको होतं. मामंजी उठून आत गेले ते जेवायलाच बाहेर आले. पानात काही टाकलं नाही, सगळं जेवले. त्यांचं हे असं असतं, रागावलेत का तेही कळत नाही.


३ ऑक्टो., सोम.

सराव परीक्षा. नापास.

पुन्हा तेच. कागद पूर्ण झाला, रेघा सुंदर, आणि मधलीच दोन मापं पाचव्या हिश्श्यानं. छापून आलं तर एक बाजू दुसरीला भेटतच नाही. स्वप्ना शेजारी खुर्ची ओढून बसली. तिला माझी दया येते हे मला आवडत नाही. "मॅडम, आप नंबर पढके लिखते नहीं. आप कुछ और सुनके लिखते." लहान मुलीला कसं कळलं?

"फायनल में ऐसा हुआ तो मैं कुछ नहीं कर सकती, मॅडम. पेपर हेड ऑफिस जाता."

स्टोअरमध्ये गेलेल्या बायकांचं काय होतं ते बघितलंय. बोल्ट मोजायला बसवतात, आणि सहा महिन्यांत त्या आपणच अर्ज देतात. मंजूचं अजून सगळं व्हायचंय. मामंजींना एकटं सोडून दुसरी नोकरी शोधायला मी कुठे जाऊ, या वयात?

आज यांचा पहिल्यांदा राग आला. जिवंत होते तेव्हा आला होता, पुष्कळ वेळा. गेल्यावर पहिल्यांदा. बसमधून येताना मनातल्या मनात भांडत आले. तुमचं झालं, तुम्ही सुटलात, आता माझी भाकरी तरी मला खाऊ द्या. मलकपेठचा स्टॉप मागे पडला, एक स्टॉप पुढे उतरून चालत आले.


१३ ऑक्टो., गुरु.

आयुधपूजा. उद्या दसरा.

हॉलमधली ही शेवटची. सगळ्यांनी बोर्ड पुसून घेतले, टी-स्क्वेअर, कंपास, शाईची पेनं ओळीनं मांडली. हळदकुंकू, झेंडू, लिंबू. नारळ दर वर्षीप्रमाणे हमीदसाबांनी आणला आणि दर वर्षीप्रमाणे फोडायला दुसऱ्याला दिला, आणि खोबरं वाटायला सगळ्यांत पुढे तेच. सरोजिनी रडली. मग बाकीच्या रडल्या. पुरुष खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागले.

मग सगळे ताट घेऊन कम्प्यूटरच्या खोलीकडे. स्वप्नानं दारात अडवलं. "कुंकू अंदर नक्को. पावडर कीबोर्ड में गया तो मेरी नौकरी गयी." भांडण होणार होतं. हमीदसाब म्हणाले, "पोट्टी ठीक बोलरी." ताट परत फिरलं. मी शेवटी होते, म्हणून मला दिसलं. स्वप्नानं इकडेतिकडे बघितलं, स्वतःच्या कपाळाची टिकली काढली आणि पहिल्या मशीनच्या डोक्यावर चिकटवली. मला बघून जीभ चावली. मी काही बघितलं नाही असं दाखवलं.

सगळे प्रसाद खायला गेले तेव्हा माझ्या बोर्डवर वाकून उभी राहिले. तळवे टेकले. खूप वेळ. नेहमीसारखी पेन्सिल धरली, एक सात काढला.

बोर्डवर कुणी नव्हतं. लाकूड होतं, हळदीनं पिवळं झालेलं. मी भ्याले. म्हणजे हे आता तिकडेच राहतात, त्या खोलीत, जिथे मला नको आहेत.


१९ ऑक्टो., बुध.

परीक्षा सोमवारी. जेवणाच्या सुट्टीत हमीदसाबांकडे गेले. त्यांना सगळं फार छान जमतंय. पन्नाशी उलटलेला माणूस, पोरासारखा खेळतो त्या माऊसशी. रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची गरज नाही, बटण दाबलं की मागे. "भाभी, हमारे जमाने में ये बटन रहता तो..." म्हणाले आणि डबा उघडला.

मी सांगून टाकलं. मामंजी सोडून पहिल्यांदा कुणाला तरी. म्हटलं, तुमचा मित्र मला पास होऊ देत नाही. माझ्या हातात यांचा हात आहे, तो ऐकत नाही.

आधी हसले. मग माझ्याकडे बघून हसणं थांबवलं. डबा बंद केला.

"भाभी, बुरा नक्को मानो. वो हात उसका नै. वो हात मेरा है."

मला कळेना.

"उनो आया था तो बच्चों सरीखा गोल गोल लिखता था. छे महीने उसके हात पे हात रख के मैं सिखाया. वो सात, वो तीर, सब मेरा. मेरे को मेरे उस्ताद ने ऐसीच दिया. आप पूरा हॉल देखो ना."

हॉलमध्ये परत आले आणि बघितलं. प्रत्येक बोर्डजवळ गेले, काहीतरी शोधल्यासारखं करून. सरोजिनीचा सात. नरसिंहाचा सात. मध्ये तीच आडवी रेघ, तेच बाण, तोच अक्षरांचा कल. बारा वर्षं मी माझ्या कागदावरून मान वर केली नव्हती.

भागाकारसुद्धा सगळ्यांचाच. तो तर पहिल्याच आठवड्यात कळायला हवा होता. सगळ्यांची पट्टी एकशेवीस आली होती की.

मग मी कुणाबरोबर होते?

हमीदसाब दारापर्यंत आले. "मरहूम को घर में रखो भाभी. दफ्तर में मत लाओ, बेचारे को आराम करने दो." त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं.


२० ऑक्टो.

लिहिण्यासारखं काही नाही. मंजूच्या वह्यांवरची लेबलं काढून टाकावीशी वाटली. नखानं एक कोपरा सोडवला. पुन्हा चिकटवला.

मामंजी, "आज काय म्हणाला?" म्हटलं, डोकं दुखतंय.


२४ ऑक्टो., सोम.

परीक्षा झाली. सहाशेला सहाशे घातले. अडीचशेला अडीचशे. बोटांनी एकदाही काही सुचवलं नाही. मध्येच मी थांबून वाट बघितली, खरंच. आलं नाही काही.

स्वप्ना म्हणते, पहिल्या तिघांत असाल. हमीदसाब पहिले असणारच. नोकरी राहिली. मंजूनं मिठी मारली, मामंजींनी देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "आणि बोर्ड?"

बोर्ड सुतारकामाच्या शेडमध्ये गेले. एकावर एक रचून. आपला कुठला ते आता ओळखू येणार नाही, म्हटलं. हात कुणाचा होता ते त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही. म्हाताऱ्या माणसाकडून मुलगा दोनदा काढून घ्यायचा का?

हात हलका वाटतो. हातात बांगड्या नव्हत्या ते पहिले दिवस आठवले. तसाच.


७ नोव्हें., सोम.

दिवाळी झाली. बरी झाली. मंजूनं आकाशकंदील केला, तेलुगू मैत्रिणींना तो फार आवडला.

आजपासून खरं काम. जुने कागद एकेक करून कम्प्यूटरवर उतरवायचे. उतरून झाला, नवा छापला की जुना रद्दीत. नव्या हजेरीपटावर नाव शालिनी, हुद्दा नवा. 'अनुकंपा' शब्द कुठेच नाही. स्वप्नानं गठ्ठा वाटला. माझ्या वाट्याला पहिला आला तो एका मोठ्या मशीनच्या दाराची मूठ. कोपऱ्यात यांची सही.

हमीदसाबांचाच हात, असं स्वतःला म्हटलं. आकडे सगळे तसेच. पण मुठीचा जो भाग हातात धरायचा, तिथे आकडे नाहीत. एकही नाही. बाहेरची रेषा वाकत वाकत जाते, मध्ये जराशी आत येते, पुन्हा फुगते, आणि खाली फक्त 'कागदाप्रमाणे' लिहिलंय. मूठ लहान, न भागता खऱ्या मापातच काढलेली, म्हणून साचा करणाऱ्यांनी कागदावरूनच उतरवून घेतली असणार.

कम्प्यूटर आकडा मागतो. स्वप्ना म्हणाली, तीन कमानी जोडा, जवळपास येईल. जोडल्या. धोंडा दिसत होता.

आमचे नवे सेक्शन-इंचार्ज आले, म्हणाले, वेळ घालवू नका. शॉपमधून, मशिनं चालवणाऱ्यांची, कायम तक्रार आहे, मूठ लहान पडते. तशीही मोठीच करायची आहे. मोठी करून ठेवून द्या.


८ नोव्हें., मंगळ.

हमीदसाबांना कागद दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघितला. "ये मैं नै सिखाया," म्हणाले. "हम लोग तो सीधी लकीर वाले. ये कैसा खींचा की उनो." मग, "शॉप में वो मशीन है ना अभी. जाके पकड के देखो."

बारा वर्षांत शॉपमध्ये गेले नव्हते. तेल, लोखंडाचा कीस, आवाज. यादगिरी नावाच्या फिटरनं मशीन दाखवलं. मूठ वापरून वापरून उजळ झालेली.

"ये शुरू से ऐसीच है अम्मा. चार उंगली भी ठीक से नै बैठते. हम लोग तीन उंगली से खींचते."

मी धरली.

बसली. चारी बोटं बसली, अंगठा वर बसला, तळव्याच्या खड्ड्यात तो फुगवटा आला. कुठे कमी नाही, जास्त नाही. लोखंड गरम होतं, मशीन चालू असल्यामुळे. मी घाबरून सोडली. पुन्हा धरली.

यादगिरी बघत होता. "आपके हात को बराबर आया," म्हणाला. "आडोल्लु के हात का बनाया क्या की, जिसने बनाया." आडोल्लु म्हणजे बायका. त्याला हसू आलं. मला नाही.


९ नोव्हें., बुध.

आज आठवलं. कणीक मळताना. इतकी वर्षं कसं आठवलं नाही कळत नाही.

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली असतील. हे ऑफिसातून आले, तसेच चपला न काढता स्वैपाकघरात. परातीतला कणकेचा गोळा उचलला, माझ्या हातात दिला. "दाब. घट्ट. दाराची कडी ओढतेस तशी." मी म्हटलं, काय हे खूळ. दाबला. तो उलटसुलट करून बघितला, खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी वाळलेला गोळा रुमालात बांधून ऑफिसला नेला. सासूबाई होत्या तेव्हा, त्या म्हणाल्या, अन्नाचा खेळ करू नये.

मामंजींना विचारलं, आठवतं का. त्यांना आठवत होतं! "मला पण दे म्हटलं मी, दाबतो. तर म्हणाला, तुमची नको, हिचीच. म्हटलं, गाढवा, मशीन काय ही चालवणार आहे?"

ड्राफ्ट्समन माणसानं पुरुषांच्या मशीनसाठी बायकोच्या मुठीचं माप घेतलं. हे अडाणीपण हमीदसाबांनी शिकवलेलं नाही. हॉलमधल्या कुणी केलं नसतं. हे यांचं. माझ्यापाशी यांचं म्हणून जे काही राहिलंय ते एवढं एकच, आणि ते चुकलेलं आहे.

मी मामंजींसमोर रडले. त्यांनी कणीक कोरडी पडेल म्हणून त्यावर ओलं फडकं घातलं.


१० नोव्हें., गुरु.

सकाळपासून ती एकच रेषा. तीन कमानी पुसल्या. बारीक बारीक ठिपके घेतले, त्यांतून वळण ओढलं, पुसलं. यांचा कागद शेजारी टाचलेला. दुपारपर्यंत जमेना. मग डावा हात टेबलाखाली मुठीसारखा आवळून बसले. स्वप्नाला वाटलं पोटात दुखतंय.

चारच्या सुमाराला उजवा हात चालला. हमीदसाबांचा नव्हता. भागाकार नव्हता, सात नव्हता. ठिपका कुठे द्यायचा ते बोटाला आधी कळत होतं, मला नंतर. खोली तशीच गार, मशीनच्या पंख्याचा आवाज तसाच. आणि हे होते. नाहीतर माझीच मूठ होती. दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं, आणि मी काढायचा प्रयत्नही केला नाही. रेषा कागदावरच्या रेषेवर तंतोतंत पडली. मी मोठ्यानं "अहो" म्हणाले. सरोजिनीनं वळून बघितलं.

इंचार्ज येऊन बघून गेले. "झालं ना? आता मोठी करा आणि ठेवून द्या. उद्या सकाळी छापायची आहे." मोठी करायला एक आकडा लागतो. त्यांचं बरोबर आहे. यादगिरीचंही बरोबर आहे, शॉपमधल्या सगळ्या लोकांनी इतकी वर्षं तीन बोटांनी ओढलं. आणखी ओढायला लावू का?

मोठी करून ठेवली की यांचा कागद रद्दीत. लहान ठेवली तर चूक मी केली असं होईल, आणि नव्या हुद्द्याची ही पहिलीच चूक असेल, ती माझ्याच नावावर.

कामाची वेळ संपली. मशीननं विचारलं, बदल ठेवायचे, सोडायचे, की परत जायचं. मी परत गेले. पुन्हा बंद करायला गेले, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा परत. बस सुटायची वेळ झाली. मी नुसता पडदा बंद केला, वर कापड घातलं, मशीन आत चालूच ठेवून आले. काहीच ठेवलेलं नाही, काहीच सोडलेलं नाही. स्वप्ना उद्या ओरडेल.

घरी आल्यावर मामंजींनी विचारायच्या आधीच सांगितलं, आज आले होते. सगळं सांगितलं, मशीन चालू ठेवल्याचं पण.

सात वाजता वीज गेली. मेणबत्तीवर लिहितेय. मंजू म्हणते, ठेवलेलं नसेल आणि तिकडे वीज गेली तर सगळं जातं, आई, एक रेघ पण राहत नाही. त्या खोलीला बॅटरी आहे. ती थोडा वेळ चालते म्हणतात. किती, ते मी कधी विचारलं नाही.

मामंजी काठी घेऊन गच्चीवर गेलेत. पाय दुखतायत तरी. मी खालून विचारलं, काय बघताय. म्हणाले, "कारखान्याकडे दिवे दिसतात का ते बघतो. थांब जरा."